बीए इतिहास झाल्यावर एमएला कुठे आणि कसा अर्ज करायचा? साताऱ्याच्या एका विद्यार्थिनीला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. सातारा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावातली मुलगी, बीए इतिहासच्या शेवटच्या वर्षाला, मराठी मीडियम, मार्क ६८ टक्क्यांच्या आसपास. शिवकाळाची आवड आहे, एमए चांगल्या युनिव्हर्सिटीतून करायचंय, जेएनयूचं नाव ऐकलंय पण इंग्रजीची भीती वाटते, घरचे म्हणतात इतिहासात काय ठेवलंय त्यापेक्षा एमपीएससीचा क्लास लाव. अर्ज कुठे करू, कसा करू, एसओपीत, म्हणजे अर्जासोबत द्यायच्या स्वतःच्या निवेदनात, काय लिहू असं विचारलंय. आणि अगदी शेवटी एक ओळ, की आजोबांच्या पेटीत मोडी लिपीतले जुने कागद आहेत पण घरात कुणालाच वाचता येत नाहीत.

मी २२ वर्षं इतिहास शिकवतेय, त्यातली पहिली ९ तासिका तत्त्वावर काढली, आणि एमए-पीएचडीच्या ॲडमिशनच्या कमिटीवर बऱ्याचदा बसलेय, म्हणून जरा मोठं लिहिते, निवांत वाच.

सुरुवात तुझ्या त्या शेवटच्या ओळीपासूनच करते कारण माझ्या मते तुझा सगळा अर्ज तिथून सुरू होतो. आपल्याकडे पोरं आधी युनिव्हर्सिटीचं नाव ठरवतात, मग ॲडमिशन मिळाली की विषय ठरवतात, आणि एमएच्या शेवटच्या सेमिस्टरला डिझर्टेशनची वेळ आली की तेव्हा पहिल्यांदा विचारतात मॅडम साधनं कुठे मिळतील. हे उलटं करायला हवं. आधी ठरव की तुला कुठल्या काळातले, कुठल्या भाषेतले, कुठल्या लिपीतले कागद वाचायचेत (किंवा कागद नसतील तर शिलालेख, नाणी, उत्खननातली खापरं), मग बघ ते कुठे आहेत आणि ते वाचायला शिकवणारे लोक कुठे आहेत, आणि मग तिथे अर्ज कर. इतिहास म्हणजे शेवटी साधनांवर काम आहे गं, आवड सगळ्यांनाच असते.

आता तू शिवकाळ म्हणतेस. शिवकाळावर खरंच काम करायचं तर मोडी लागतेच पण फारसीही लागते, कारण आदिलशाही आणि मोगल दरबारचा व्यवहार फारसीत आहे, शिवाय इंग्रज वखारींची पत्रं, पोर्तुगीज कागद वेगळेच. आणि शिवकाळातले अस्सल मराठी कागद पेशवाईच्या मानाने फार कमी शिल्लक आहेत. उलट शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यात १७०८ ला झाला तिथून पुढे १८१८ पर्यंतचं जे अठरावं शतक आहे त्याचे मोडी कागद इतके आहेत की कित्येक पिढ्या वाचल्या तरी संपणार नाहीत. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराच्या कागदांचे, हजारो रुमाल आहेत, रुमाल म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा. गो. स. सरदेसायांनी त्यातून निवडून ४५ खंड छापले, तरी ते दप्तराच्या मानाने मूठभरच. आणि तुझ्या पेटीतले कागद बहुतेक याच काळातले किंवा नंतरचे असणार. म्हणून आवड शिवकाळाची राहू दे, पण काम कुठल्या काळावर करायचं ते साधनं बघून ठरव. आणि मध्ययुगच हवं असंही नाही, तुझ्या जिल्ह्यात १९४३ ते १९४६ प्रतिसरकार चाललं, नाना पाटलांचं, त्याच्या आठवणी अजून घराघरांत सांगतात, ते ऐकून टिपून ठेवणं हाही इतिहासच आहे आणि त्याला मोडीही लागत नाही.

मोडीबद्दल एक सांगते म्हणजे तुला अंदाज येईल. मी पहिला कागद हातात घेतला तेव्हा मला मोडीची मुळाक्षरं पाठ होती, ५० पैकी ४६ मार्क होते क्लासच्या परीक्षेत, आणि तरी पहिली ओळ वाचायला ३ दुपारी गेल्या. कारण मोडीत आधी आडवी रेघ मारून घेतात आणि अक्षरं तिला लटकवत जातात, शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व दीर्घ नाही, पूर्णविराम नाही, आणि बोरू न उचलता पुढच्या अक्षरात शिरतात. कागदावर शाई सुकवायला टाकलेली बारीक वाळू अजून चिकटलेली होती, उजेडात धरला की चमकायची. आणि मी अडकले होते तारखेवर. तिथे लिहिलेलं होतं सु॥ इहिदे सितैन मया व अलफ. मला वाटलं कुणाचं तरी नाव आहे. शेजारी एक म्हातारे अभ्यासक बसायचे, त्यांनी नुसतं बोट ठेवून सांगितलं, इहिदे म्हणजे १, सितैन म्हणजे ६०, मया म्हणजे १००, अलफ म्हणजे १०००, कर बेरीज. ११६१. हा सुहूर सन, म्हणजे तेव्हाच्या कागदांतली कालगणना, मृग नक्षत्रापासून सुरू होतो, म्हणून मृग साल. वर्षाच्या पहिल्या भागातला म्हणजे डिसेंबरपर्यंतचा कागद असेल तर ५९९ मिळवायचे आणि जानेवारीनंतरचा असेल तर ६००. म्हणजे १७६० चा मृग ते १७६१ चा मृग. जानेवारी १७६१ ला पानिपत झालं ते याच सालात. मी तो कागद परत वाचला तेव्हा तो एका गावच्या वसुलीचा साधा कागद होता, पानिपताचा त्यात शब्दही नव्हता, पण त्याच वर्षी हे गाव वसूल भरत होतं, कुणीतरी दाणे मोजत होतं, हे कळल्यावर माझ्या अंगावर काटा आला होता. त्या दिवशी माझा विषय ठरला.

आता कुठे कुठे अर्ज करायचा ते.

तुझं कॉलेज शिवाजी विद्यापीठाला संलग्न असणार त्यामुळे कोल्हापूर तुला सगळ्यात सोपं, आणि सोपं म्हणून कमी समजू नकोस. कोल्हापुरातही छत्रपतींचं दप्तर आहे, मराठीत पेपर लिहिता येतो, खर्च कमी. पुण्याला सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा इतिहास विभाग आहे, तिथेही मराठीत लिहिता येतं, पण पुण्याचा खरा फायदा विभागाच्या बाहेर आहे, पेशवे दप्तर आणि भारत इतिहास संशोधक मंडळ. मंडळ १९१० ला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि मेहेंदळे यांनी काढलं, तिथे मोडीचे वर्ग होतात, आणि तिथे येऊन बसणारी माणसं ही स्वतःच एक युनिव्हर्सिटी आहेत. म्हणून अठरावं शतक ठरलं तर मी पुणे पहिलं लिहीन, दिल्लीच्याही आधी, आणि हे मनापासून सांगतेय, जवळचं आहे म्हणून नाही.

प्राचीन काळ, म्हणजे सातवाहन, लेणी, नाणेघाटचा ब्राह्मी लेख, ताम्रपाषाण युगातली इनामगावसारखी ठिकाणं, या सगळ्याकडे ओढा असेल तर पुण्याचंच डेक्कन कॉलेज. ह. धी. सांकलियांनी तिथे पुरातत्त्वाचं काम उभं केलं आणि प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्व असं त्यांचं एमएच आहे. तिथे पायाला माती लागते, उत्खननात उन्हात बसावं लागतं, ती तयारी असेल तरच.

मराठवाड्याचा किंवा दख्खनचा विषय असेल तर हैदराबाद युनिव्हर्सिटीचा विचार कर. १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता त्यामुळे तिकडचं बरंच दप्तर हैदराबादला आहे, तारनाक्याच्या अर्काइव्हमध्ये औरंगजेबाच्या दख्खनमधल्या काळाचे फारसी कागद आहेत. बडोद्याला गायकवाडांचं मराठी दप्तर आहे, तंजावरला भोसल्यांचे मोडी कागद आहेत, पणजीच्या गोवा पुराभिलेखागारात पोर्तुगीज कागद आहेत ज्यात मराठ्यांशी झालेला पत्रव्यवहारही आहे आणि इतिहासकार पिसुर्लेकरांनी आयुष्य घालवून ते उजेडात आणले. हे सांगते कारण मराठी पोरांना वाटतं मराठ्यांचा इतिहास फक्त पुण्यात आहे. मोडी वाचता येणारी मुलगी बडोद्यात किंवा तंजावरला गेली तर तिच्या मागे लोक फिरतील कामासाठी.

आणि जेएनयू. १९६९ ची युनिव्हर्सिटी, तिथलं सेंटर फॉर हिस्टॉरिकल स्टडीज, रोमिला थापर, सतीश चंद्र, बिपन चंद्र यांनी जिथे शिकवलं ते. एमएला प्राचीन, मध्ययुगीन, आधुनिक असा गट निवडावा लागतो. फी अगदी कमी, लायब्ररी रात्री उशिरापर्यंत भरलेली असते, आणि मुख्य म्हणजे तिथे वाचायला इतकं देतात की पहिल्या सेमिस्टरला रडू येतं आणि तिसऱ्याला त्याची सवय होते. इतिहास कसा लिहिला जातो, दोन इतिहासकार एकाच कागदावरून वेगळं का सांगतात, हे शिकायला ती जागा उत्तम. दिल्ली युनिव्हर्सिटीही तशीच, वर्ग फार मोठा असतो एवढंच. पण मोडी तिथे कुणी शिकवणार नाही, ती तू इथून शिकून जायचीस.

या केंद्रीय युनिव्हर्सिट्यांना सीयूईटी पीजी ही सामायिक प्रवेश परीक्षा लागते, ती एनटीए ही केंद्राची परीक्षा संस्था घेते. साधारण डिसेंबर-जानेवारीत फॉर्म निघतात आणि मार्चच्या सुमारास परीक्षा, म्हणजे तुझी शेवटची सेमिस्टर चालू असतानाच, निकाल लागायचा असला तरी फॉर्म भरता येतो. पेपर ७५ प्रश्नांचा, बरोबरला ४ मार्क, चुकलं तर १ वजा. आणि नीट लक्ष दे, इतिहासाचा पेपर इंग्रजी आणि हिंदीत असतो, मराठीत नसतो. मराठी मीडियमच्या पोरांना हिंदी निवडावी का असं विचारतात. माझं मत, आत्तापासून पारिभाषिक शब्द इंग्रजीत वाचायची सवय लाव आणि परीक्षेत जिथे वेग जास्त येतो ती भाषा घे. तयारीला क्लासची गरज नाही, एनसीईआरटीच्या सहावी ते बारावीच्या पुस्तकांतला सगळा इतिहास, त्यानंतर इग्नूचं एमए-बीएचं साहित्य जे ई-ज्ञानकोशवर फुकट मिळतं, आणि मागच्या वर्षांचे पेपर घड्याळ लावून सोडवणं. आपल्या बीएत दक्षिण भारत आणि प्राचीन काळ घाईत उरकतात, तिथे मार्क जातात, म्हणून चोळ, पल्लव, विजयनगर, मौर्य-गुप्त अर्थव्यवस्था हे वेगळं काढून वाच.

आता एक गोष्ट जी मी दरवर्षी सांगते आणि दरवर्षी एखादं पोर चुकतंच. एनटीएचा फॉर्म म्हणजे ॲडमिशनचा फॉर्म नाही. परीक्षा झाल्यावर प्रत्येक युनिव्हर्सिटीच्या पोर्टलवर वेगळं रजिस्ट्रेशन करावं लागतं, जेएनयूचं वेगळं, हैदराबादचं वेगळं, दिल्लीचं वेगळं. काही वर्षांपूर्वी माझा एक विद्यार्थी, शेतमजुराचा मुलगा, इतका छान स्कोअर आला होता की त्याला कुठेही मिळाली असती, पण त्याला वाटलं निकाल लागला की युनिव्हर्सिटीच बोलावेल. तो जूनअखेर माझ्याकडे विचारायला आला तेव्हा पोर्टल बंद होऊन ४ दिवस झाले होते. त्याचा चेहरा मला अजून दिसतो, आणि मी त्याला आधी का विचारलं नाही हेही टोचतं. म्हणून मार्चपासून दर आठवड्याला तिन्ही वेबसाइट स्वतः उघडून बघायच्या, कुणी कळवेल यावर राहायचं नाही.

दाखल्यांचंही तसंच. रिझर्व्हेशन असेल तर केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो, महाराष्ट्राच्या नमुन्यातला चालत नाही, ओबीसी असशील तर केंद्राच्या यादीत तुमची जात आहे का ते बघून नॉन क्रिमीलेअर त्याच नमुन्यात आणि चालू आर्थिक वर्षाचं. राज्यातले सगळे प्रवर्ग केंद्रात जसेच्या तसे नसतात. तहसीलमध्ये एप्रिल-मेमध्ये गर्दी असते तेव्हा आधीच चौकशी करून ठेव. दहावीच्या मार्कशीटवरचं नाव आणि आधारवरचं नाव एक आहे ना ते आजच बघ, वडिलांच्या नावातल्या एका अक्षरासाठी पोरी रडताना बघितल्यात. दुसऱ्या युनिव्हर्सिटीत जायचं तर मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं, त्यालाही दिवस लागतात.

चार वर्षांची ऑनर्स करून एका वर्षाचं एमए करू का असं आता बरेच जण विचारतात. तुझ्या बाबतीत मी म्हणेन तीन वर्षांवर थांब आणि चांगल्या लायब्ररीच्या ठिकाणी दोन वर्षांचं एमए कर. तालुक्याच्या कॉलेजातल्या चौथ्या वर्षापेक्षा ते एक जास्तीचं वर्ष पुण्यात किंवा दिल्लीत काढलेलं बरं.

एसओपीबद्दल. सीयूईटीवाल्या एमएला सहसा ती लागत नाही, पण काही खासगी युनिव्हर्सिट्या, परदेशातल्या बहुतेक, आणि पुढे पीएचडीला रिसर्च प्रपोजल लागतंच, म्हणून आत्ताच शिक. १० पैकी ८ अर्जांची पहिली ओळ अशी असते, मला लहानपणापासून गडकिल्ल्यांची आवड आहे. खरी असते ती आवड, मला तिच्याबद्दल आदर आहे, पण त्यावरून निवडणाऱ्याला तुझ्याबद्दल काहीच कळत नाही. त्याला हवा असतो प्रश्न. समज तुझ्या पेटीत एक महजर निघाला. महजर म्हणजे गावाच्या वतनाचा वाद गोतसभेपुढे, म्हणजे गावकऱ्यांच्या निवाडा करणाऱ्या सभेपुढे आला, निवाडा झाला, आणि हजर असलेल्यांनी खाली सह्या किंवा निशाण्या केल्या. पाटलाची निशाणी नांगर, सुताराची त्याच्या हत्याराची, अशी ज्याची त्याची. आता तू अशी चार वाक्यं लिही, आमच्या घरातल्या महजरावर इतक्या निशाण्या आहेत, त्यात अमुक बलुतेदार आहेत आणि अमुक नाहीत, एक बाई वतनदार म्हणून उभी आहे पण तिची निशाणी तिच्या मुलाने केलीय, मला समजून घ्यायचंय की गावाच्या निवाड्यात कुणाचं हजर असणं मोजलं जायचं. हा एसओपी मी वाचला तर तुझे बीएचे मार्क बघायच्या आधी तुला बोलावीन. इंग्रजी मोडकं असलं तरी. कुणाकडून शुद्ध करून घे, पण प्रश्न तुझा असू दे, नेटवरून उचललेला एसओपी दुसऱ्या ओळीला कळतो.

इंग्रजीची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. दिल्लीला पहिले सहा महिने जड जातातच. रोज ५ पानं इंग्रजी इतिहासाची वाच आणि खाली मराठीत ४ ओळींत लिही की लेखकाचं म्हणणं काय आणि तो ते कशाच्या आधारावर म्हणतोय. वर्षभर केलंस तर इंग्रजीही येईल आणि इतिहास वाचायलाही येईल. आणि मराठी मीडियमचा फायदाही मोज, जेएनयूत वर्गातल्या हुशार पोरांना पेशव्यांचं पत्र भाषांतरातून वाचावं लागतं, तू थेट वाचशील.

घरच्यांचं म्हणणं मी टाळत नाही कारण त्यांची काळजी खरी आहे. प्राध्यापकाच्या परमनंट जागा कमी निघतात आणि तासिका तत्त्वावर घर चालत नाही, मी ९ वर्षं ते भोगलंय. त्यांना खोटं सांगू नकोस. पण एमए करताना नेट आणि सेट या प्राध्यापकाच्या पात्रता परीक्षा दोन्ही देता येतात, सेट महाराष्ट्र आणि गोव्यासाठी पुणे विद्यापीठ घेतं, आणि नेटमधून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची फेलोशिप, मिळाली तर महिन्याला ३७,००० रुपये मिळतात, शिवाय बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या पीएचडीच्या फेलोशिप आपापल्या प्रवर्गासाठी आहेत. मोडी वाचणाऱ्यांना जमिनीच्या, वतनाच्या जुन्या कागदांचं लिप्यंतर करायचं कामही मिळतं, कोर्टकचेऱ्यांना लागतं ते. एमपीएससीची दारंही एमएने बंद होत नाहीत, उलट इतिहासाचा भाग पक्का होतो. वडिलांना एकदा दिल्लीचं नाही तर पुण्याचं होस्टेल दाखवून आण, बऱ्याच घरांत नाही म्हणण्याचं कारण विषय नसतो, मुलगी राहणार कुठे हे असतं.

तर माझा क्रम असा की पहिलं पुणे, दुसरं जेएनयू आणि हैदराबाद सीयूईटीमधून, आणि कोल्हापूरचा फॉर्म काहीही झालं तरी भरायचाच, म्हणजे वर्ष वाया जात नाही.

आणि पेटी. ती या दिवाळीच्या सुट्टीत उघड, पण घाई करू नकोस. घडी घातलेले कागद ओढून सरळ करायचे नाहीत, फाटेल तिथे थांबायचं. सेलोटेप लावायची नाही, लॅमिनेट तर अजिबात करायचं नाही, कागद आतल्या आत मरतो. हात धुऊन कोरडे करून धर, दोन्ही बाजूंचे फोटो काढ, मागे काही लिहिलेलं असेल तर तेही महत्त्वाचं, कागद ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने नंबर घालून पुन्हा स्वच्छ सुती कापडात बांध. राजवाडे असेच गावोगाव घरं धुंडाळत फिरले, १८९८ ला त्यांचा पहिला खंड आला आणि पुढे २२ खंड झाले, ते सगळं कुणाच्या ना कुणाच्या पेटीतून निघालेलं आहे. कुणी विकत मागितले तर द्यायचे नाहीत, आणि कुठल्या संस्थेला द्यायचे का ते घरात सगळ्यांनी बसून नंतर ठरवा, आधी वाचून तर होऊ दे. फोटोत अगदी वर किंवा शेवटच्या ओळीत मया व अलफ किंवा मयातैन व अलफ असं काही दिसतंय का ते शोध. मयातैन म्हणजे २००. त्याच्या आधीचे दोन शब्द जसे दिसतात तसे उतरवून मला पाठव, साल आपण दोघी मिळून काढू.